बोटीचं डिटेलिंग करून घेतलं, सविस्तर रिव्ह्यू (लांब आहे, पण स्वतःची बोट असेल तर वाचाच)

बोट डिटेलिंगवाल्यांचे (बोट धुऊन, घासून, चमकवून देणाऱ्यांचे) रिव्ह्यू वाचायला घेतले की बहुतेक ठिकाणी तेच, आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि खाली "एकदम नवी दिसतेय". अहो दिसणारच. मशीन, लोकरीचा पॅड आणि जाड कंपाउंड (घासून वरचा थर काढणारी पेस्ट) हातात आलं की चमक कोणीही काढतो. ती चमक काढताना त्या माणसाने तुमच्या बोटीचा किती थर घासून नेला आणि कुठे हात आवरला, यावर तो चांगला की वाईट ते ठरतं. माझं सगळं मत याच एका गोष्टीवरून बनलंय म्हणून आधीच सांगून टाकतो.

बोट फायबरग्लासची, हल (बोटीचं बाहेरचं अंग) गडद निळा, वरचं सगळं पांढरं, मागे थोडी सागाची डेक, कायम खाऱ्या पाण्यात आणि उघड्यावर उभी. निळा हल ज्यांच्याकडे आहे त्यांना वेगळं सांगायला नको, पांढऱ्यावर जे बरेच दिवस झाकून जातं ते निळ्यावर लगेच डोळ्यात भरतं. हात फिरवला की तळव्याला फिकट पूड लागत होती आणि रंग निळ्याचा राखाडी झाला होता. टीमचं नाव लिहीत नाही, कारण प्रत्येक मरीनात (बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर) माणसं वेगळी, नावापेक्षा काम कसं केलं ते कळलं तर तुम्हाला तुमच्याकडचा माणूस पारखता येईल.

आता जेलकोटबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. फायबरग्लासच्या बोटीवर जो रंगीत गुळगुळीत थर असतो तो वरून मारलेला पेंट नसतो, बोट साच्यात बनवताना सगळ्यात आधी साच्यात तोच फवारतात आणि मग त्याच्यामागे फायबरचे थर येतात. जाडी साधारण अर्धा मिलीमीटर. गाडीच्या क्लिअर कोटच्या (रंगावरच्या पारदर्शक थराच्या) मानाने म्हणाल तर जवळजवळ दहापट, म्हणून लोकांना वाटतं की घासा कितीही, काय फरक पडतो. फरक पडतो. उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटने वरचं रेझिन मरतं, त्याची पूड होते, त्याला ऑक्सिडेशन म्हणतात, आणि कंपाउंड म्हणजे ती मेलेली कातडी खरवडून खालची जिवंत बाहेर काढणं. पेन्सिलीला टोक काढण्यासारखं आहे, टोक छान येतं पण पेन्सिल दरवेळी कमी होते. त्यात कोपऱ्यांवर आणि कडांवर थर मुळातच पातळ असतो आणि मशीनचा जोर नेमका तिथेच जास्त पडतो. एकदा का खालची फायबरची जाळी दिसायला लागली की मग पॉलिशने काही होत नाही, नवीन जेलकोट नाहीतर सरळ पेंट, आणि तो खर्च डिटेलिंगच्या कितीतरी पुढचा.

तर पहिली चांगली गोष्ट म्हणजे ही माणसं भाव सांगण्याआधी बोट बघायला आली. या धंद्यात लांबीवर, फुटाच्या हिशोबाने भाव सांगायची पद्धतच आहे, त्यात वावगं काही नाही, पण एकाच लांबीच्या दोन बोटी, एकीला नियमित वॅक्स आणि दुसरीला कोणी हात लावलेला नाही, यांचं काम सारखं कसं असेल? फोनवर फक्त "किती फूट?" विचारून आकडा फेकणाऱ्यांना मी लगेच बाजूला केलं. हा जो मुख्य कारागीर होता त्याने आधी तळवा फिरवला, मग ओलं फडकं मारलं. ओलं असताना रंग खुलला आणि वाळल्यावर परत फिका पडला तर ऑक्सिडेशन वरवरचं आहे, निघेल. ओलं करूनही ठिपके किंवा बारीक चिरा दिसत राहिल्या तर ते पॉलिशचं काम नाही. त्याने विचारलं, शेवटचं वॅक्स कधी, कुठलं, सिलिकॉनवालं काही मारलंय का, आणि हल कधी पेंट केलाय का. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. पुष्कळ बोटी नंतर टू-पार्ट (दोन भाग मिसळून मारायच्या) पॉलियुरेथेन पेंटने रंगवलेल्या असतात, दिसायला जेलकोटसारख्याच, पण त्या पेंटची चमक त्याच्या अगदी वरच्या पातळ थरात असते आणि त्यावर जाड कंपाउंड फिरवलं की तो थरच जातो. ज्याने हा प्रश्न विचारला नाही त्याला मशीन हातात देऊ नका.

मग टेस्ट पॅच. मागच्या बाजूला, ट्रान्समजवळ (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीजवळ) मास्किंग टेपने एक चौकोन आखला, त्याचे तीन भाग केले. पहिल्या भागात फक्त बारीक पॉलिश आणि फोमचा पॅड, दुसऱ्यात मध्यम कंपाउंड, तिसऱ्यात जाड कंपाउंड आणि लोकरीचा पॅड. सगळ्यात सौम्य आधी, मग गरजेपुरतं वर चढायचं. आणि मग जे केलं त्याने मला ही टीम पटली, तिन्ही भाग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसले. का, तर कंपाउंडमध्ये तेलं असतात, ती बारीक ओरखड्यांत बसतात आणि तेवढ्यापुरती आरशासारखी चमक दिसते. अल्कोहोलने पुसलं की तेल जातं आणि खरी पृष्ठभाग काय आहे ते दिसतं. पहिला भाग पुसल्यावर परत धुरकट झाला, तिसरा झकास होता, आणि दुसरा तिसऱ्यापेक्षा जेमतेम कमी. तो म्हणाला, "साहेब, दुसऱ्याने काम भागतंय, तिसरं कशाला वापरायचं, पुढच्या वर्षीसाठी पण थोडं ठेवायला पाहिजे ना." यापेक्षा चांगलं वाक्य मी या धंद्यातल्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

याच्या उलट अनुभव आधीच्या एका टीमचा होता (नाव नको). एका दिवसात अख्खी बोट, संध्याकाळी चेहरा दिसावा अशी चमक, आणि थोड्याच आठवड्यांत, दोन चार वेळा धुतल्यावर सगळं परत राखाडी, वर उन्हात बघितलं तर हलभर मशीनचे गोल गोल वळसे. म्हणजे ओरखडे काढलेच नव्हते, तेलाने भरले होते. तुम्ही कोणाकडूनही काम करून घ्या, पैसे देण्याआधी एक फूटभर जागा अल्कोहोलने पुसायला सांगा, आणि हल भर उन्हात तिरक्या नजरेने बघा. पण वॅक्स किंवा कोटिंग चढवायच्या आधी बघा, नंतर नाही.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा होता की आधी धुणं, मग पाण्याच्या रेषेवरचा पिवळा डाग, मग कंपाउंड, मग पॉलिश, शेवटी कोटिंग. तो पिवळा तपकिरी पट्टा, नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) मिशीसारखा येतो तो, घासून जात नाही आणि घासूही नये. त्यांनी ऑक्झॅलिक ॲसिडचं जेल ब्रशने लावलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि बघता बघता पिवळेपणा विरत गेला, नंतर भरपूर पाण्याने धुतलं. हातमोजे, चष्मा सगळं घालून. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे, हे घरी करणार असाल तर लक्षात ठेवा. काही जण इथे हायड्रोक्लोरिक ॲसिड मारतात, डाग जातो हे खरं, पण ते स्टीलच्या फिटिंगवर, ट्रेलरच्या झिंकच्या मुलाम्यावर उडालं की त्याचं वाटोळं होतं. मी स्पष्ट विचारलं होतं की कुठलं ॲसिड, त्यांनी डबाच दाखवला.

मशीनचं काम सकाळी लवकर सुरू करायचे आणि ज्या बाजूला सावली असेल तीच बाजू. उन्हात तापलेल्या हलवर कंपाउंड लगेच वाळतं, मग ते कापत नाही, नुसतं चिकटतं आणि घासताना उष्णता वाढते. रोटरी मशीनने (नुसतं गोल फिरणाऱ्या) कंपाउंड आणि शेवटचं पॉलिश ड्युअल ॲक्शन मशीनने (फिरता फिरता हलणाऱ्या), कारण गडद रंगावर रोटरीचे वळसे राहतात. मधे मधे लोकरीचा पॅड दातेरी चाकाने साफ करत होते, नाहीतर जुनी वाळलेली पूडच परत हलवर घासली जाते. एका ठिकाणी, जिथे जेट्टीच्या टायरचा घासून घासून पट्टा पडला होता, तिथे 1000 चा वॉटर पेपर (आकडा मोठा तितका कागद बारीक), मग 1500, मग 2000, पाणी सोडत सोडत, आणि मग कंपाउंड. तेवढ्याच तुकड्यावर. बाकी हलवर वॉटर पेपर लावायचा का असं मीच विचारलं होतं, की कमाल चमक येईल, तर मुख्य कारागीर सरळ नाही म्हणाला. आणि वरच्या कडेला, जिथे हल आणि डेक जुळतात, एका कोपऱ्यावर निळा थोडा पारदर्शक दिसत होता, तिथे त्याने टेप लावून टाकली. "इथे मशीन नाही लावणार, इथे थर उरलेला नाही." ती जागा हातानेच पॉलिश केली, बाकीच्या मानाने थोडी फिकी दिसते, आणि मला ते शंभर टक्के मान्य आहे.

कोटिंगचं बोलू. वॅक्स, पॉलिमर सीलंट आणि सिरॅमिक असे तीन पर्याय दिले. कार्नोबा वॅक्स दिसायला सुंदर, पण उन्हात आणि खाऱ्या पाण्यात काही महिन्यांतच उतरतं, सीलंट त्याहून जास्त टिकतं, सिरॅमिक म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडवालं, नीट लावलं आणि नीट सांभाळलं तर वर्ष दोन वर्षं. माझं मत, गडद हल असेल आणि बोट उघड्यावर असेल तर सिरॅमिकचा खर्च वसूल होतो, कारण मधली एक दोन कंपाउंडिंग वाचतात, म्हणजे पुन्हा तोच जेलकोटचा हिशोब. पांढरी बोट असेल, कव्हर घालत असाल, वर्षातून दोनदा स्वतः वॅक्स करायची तयारी असेल तर गरज नाही. आणि "सिरॅमिक मारलं की धुवायलाच नको" असं सांगणारा थापा मारतोय. क्षाराचे डाग त्यावरही पडतात, पाणी तसंच वाळू दिलं तर. फेरी झाली की गोड्या पाण्याने धुणं आणि शॅमॉयने (पाणी शोषणाऱ्या मऊ फडक्याने) टिपणं चुकत नाही, फक्त मळ लवकर सुटतो. पाण्याखालच्या भागाशी याचा काही संबंध नाही, तिथे अँटीफाउलिंगच (शेवाळ, शिंपले चिकटू न देणारा रंग) लागतं, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

आणि हो, एक प्रश्न मी मुद्दाम सगळ्यांना विचारतो, डेकच्या खरबरीत भागावर वॅक्स मारणार का? "हो साहेब, सगळीकडे मारू" असं जो म्हणेल त्याला नमस्कार करा आणि पाठवून द्या. ओल्या नॉन-स्किडवर वॅक्स म्हणजे कोणाचं तरी डोकं फुटणार. यांनी तिथे नुसतं मऊ ब्रशने साबणाने साफ केलं, त्या खळग्यांत बसलेला काळा मळ तेवढा काढला.

सागाच्या डेकचं काम बघण्यासारखं होतं. एक पोरगा गुडघ्यावर बसून, मऊ ब्रशने, लाकडाच्या रेषेला आडवं घासत होता, रेषेच्या दिशेने नाही. रेषेच्या दिशेने घासलं की मधला मऊ भाग खरवडून निघतो आणि कडक रेषा वर राहतात, काही वर्षांत डेकवर नाल्या पडतात. ब्रशखालून कॉफीच्या रंगाचं पाणी निघत होतं आणि तो दर हातभर पट्टीनंतर पाणी ओतून थांबून बघायचा. प्रेशर वॉशर जवळही आणलं नाही. दोन बाटल्यांचा तो जहाल क्लीनर असतो, आधी एक मग दुसरा, त्याने साग नव्यासारखा पिवळा होतो पण लाकूडही खातो, तो नको म्हणालो तर त्यांनाही तो नकोच होता. तेल लावलं नाही. साग राखाडी झाला म्हणजे खराब झाला असं नसतं, राखाडी साग निरोगी असतो, हे माझं ठाम मत आहे, ज्यांना सोनेरी आवडतो त्यांनी सीलर लावावा आणि दर सीझनला त्याच्यामागे लागावं.

आता जिथे ते कमी पडले ते. सीटचं रेक्झिन. हल करणारी माणसं आणि आतलं करणारी माणसं वेगळी होती आणि फरक कळत होता. बुरशीच्या काळ्या ठिपक्यांवर ब्लीचचं पाणी मारायला निघाले होते, मी वेळेत थांबवलं. ब्लीचने डाग जातो पण शिलाईचा दोरा कमकुवत होतो, आणि रेक्झिन शाबूत असताना शिवण उसवते. मग पांढरा मेलामाइन स्पंज काढला, तो तर बारीक पॉलिश पेपरच आहे, दरवेळी वरचा संरक्षक थर घासतो. शेवटी सौम्य साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश यावर आणलं, ठिपके पुसट झाले, पूर्ण गेले नाहीत, आणि ते ठीक आहे. पण मी तिथे उभा नसतो तर? हा प्रश्न मी त्यांच्या मुख्य माणसालाही विचारला, त्याने ऐकून घेतलं, वाद घातला नाही.

पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्यांवर पण नजर ठेवा. काचेचा अमोनियावाला क्लीनर तिथे चालत नाही, प्लास्टिक धुरकट होतं, ॲक्रिलिकच्या हॅचला (डेकवरच्या झडपेला) तर केसासारख्या चिरा पडतात. आधी पाण्याचा भरपूर मारा करून मिठाचे कण घालवायचे आणि मगच मऊ फडकं, कोरडं पुसलं की मीठच ओरखडे काढतं. हे त्यांनी बरोबर केलं. स्टीलच्या रेलिंगवरचे तपकिरी डागही नीट काढले, तारेच्या घासणीशिवाय. स्टील वूलचे कण रेलिंगवर अडकतात आणि तेच पुढे गंजतात, मग लोक म्हणतात स्टील खराब आहे.

साफसफाई मात्र ढिली. काम संपल्यावर रब रेलच्या (हलच्या कडेने धक्के झेलणाऱ्या पट्टीच्या) खाचेत, खिडकीच्या रबरात, क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंटीच्या) बुडाशी कंपाउंडचे पांढरे शिंतोडे वाळून बसलेले. टेप लावली होती, पण सगळीकडे नाही. फोन केला, दुसऱ्या दिवशी येऊन टूथब्रशने काढून दिले, तक्रार न करता. तरी हे सांगायची वेळ यायला नको, एवढं नाजूक काम करणाऱ्या माणसांकडून तर नाहीच.

बिल्जने (बोटीच्या तळाशी पाणी साठतं त्या खोलगट जागेने) मला सगळ्यात जास्त आनंद दिला, आणि त्याचे फोटो कोणी टाकत नाही. आधी तेल शोषणारे पॅड टाकून वरचा तेलकट तवंग उचलला, पंप बंद ठेवून. साबण नंतर. उलट केलं तर साबणाने तेल पाण्यात मिसळतं आणि पंपाने ते सगळं बाहेर समुद्रात जातं, तवंग दिसत नाही एवढंच, तेल तिथेच असतं. मग मळ काढून फ्लोट स्विच (पाणी वाढलं की तरंगून पंप चालू करणारा) हाताने वर उचलून पंप सुरू होतो का ते दाखवलं. त्या स्विचखाली गाळ आणि केसांचा गोळा अडकला होता, म्हणजे पंप वेळेवर चालू झालाच असता याची खात्री नव्हती. चमक राहू दे बाजूला, हे एक काम केलं म्हणूनसुद्धा मी त्यांना पुन्हा बोलावीन. बोट बुडण्याशी हलच्या रंगाचा संबंध नाही, बिल्ज पंपाचा आहे.

तळाचं काम यांच्याकडे दिलं नाही, तो वेगळा विषय आहे. बोट वर काढली की लगेच, शेवाळ आणि शिंपले ओले असतानाच प्रेशरने धुवायचं, वाळले की सिमेंट होतात. अँटीफाउलिंगमध्ये बहुतेक वेळा तांब्याचं संयुग असतं, ते कोरडं घासून धूळ उडवणाऱ्याला थांबवा, ओलं घासायला नाहीतर व्हॅक्यूमवालं मशीन वापरायला लावा. आणि झिंक ॲनोडवर (बोटीच्या बाकी धातूऐवजी स्वतः झिजणाऱ्या तुकड्यावर) चुकूनही रंग मारू देऊ नका, रंगलेला ॲनोड काही कामाचा नाही, अर्धा झिजला की बदलायचा.

हल, डेक, साग, बिल्ज यांना पाचपैकी पाच, सीट आणि आतलं दोन, काम झाल्यावरची आवराआवर तीन. पुढच्या वेळी सीट मी स्वतः करणार आणि बाहेरचं त्यांनाच देणार, आणि आत्ताच ठरवून टाकलंय की पुढच्या वर्षी हलवर कंपाउंड नाही, फक्त धुणं आणि कोटिंगवर टॉपर (कोटिंग ताजं ठेवणारा हलका थर). कोणाला बोलावणार असाल तर आधी विमा आहे का विचारा, दुसऱ्याच्या बोटीवर शिंतोडे उडाले किंवा मशीन निसटलं तर तो खर्च कोणाचा हे कागदावर हवं. आणि कोटिंग लावल्यावर बाटलीवर जेवढा क्यूरिंगचा (कोटिंग पक्कं होण्याचा) वेळ दिलाय तेवढे दिवस साबण लावू नका, माझ्याकडे अजून तो वेळ संपायचाय, तोवर नुसतं गोडं पाणी.